धनी बदलण्याची आशा

१० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिनिआपोलिस शहरातून एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध झाले. 'मिनेसोटा ट्विन्स' या व्यावसायिक बेसबॉल संघाची मालकी चाळीस वर्षे ज्या घराण्याकडे आहे, ते पोहलाड कुटुंब संघाच्या विक्रीची शक्यता पडताळून पाहत आहे, एवढाच त्याचा मथितार्थ होता. विक्री ठरली असे त्यात म्हटले नव्हते. ग्राहकाचे नाव नव्हते, किंमत नव्हती, मुदतही नव्हती. तरीसुद्धा त्या दिवसापासून पुढचे दहा महिने त्या राज्यातील क्रीडारसिकांना दुसरा विषय सुचला नाही. कोणता धनाढ्य पुढे येणार, तो स्थानिक असणार की परका, तो खेळाडूंवर सढळ हाताने खर्च करणार की पहिल्याच वर्षी कात्री लावणार, यांविषयीच्या अटकळींना ऊत आला. कुटुंबातील माणसाला ज्या हिरीरीने स्थळे शोधावीत, त्या हिरीरीने हजारो लोक संघासाठी कोट्यधीश शोधू लागले.

या उत्साहाची दूरच्या वाचकाला थोडी मौज वाटेल. परंतु त्यामागे खरा सल होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये या संघाने टोरोंटोला हरवून २००२ नंतर प्रथमच अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यातील एक फेरी जिंकली होती. या टप्प्यात ओळीने अठरा सामने गमावण्याचा लाजिरवाणा क्रम तेव्हा कुठे खंडित झाला. वीस वर्षे वाट पाहिलेल्या प्रेक्षकांची अपेक्षा अशी की, आता मालक हात मोकळा करतील. झाले उलटेच. स्थानिक दूरचित्रवाणीचे हक्क ज्या कंपनीकडे होते ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिवाळखोरीत निघाली होती, आणि पुढच्या हंगामासाठी खेळाडूंच्या वेतनखर्चात सुमारे तीन कोटी डॉलरची कपात झाली. २०२४ च्या हंगामाच्या अखेरीस संघ कोसळला आणि अंतिम टप्प्याबाहेर राहिला. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच विक्रीचे निवेदन आले. तेव्हा लोकांनी ते मुक्तीची वार्ता म्हणून वाचले यात नवल नाही.

यातील अर्थशास्त्र मात्र भावनेइतके सरळ नाही. पोहलाड घराण्यातील मूळ पुरुष कार्ल पोहलाड हे बँकव्यवसायातले गृहस्थ. त्यांनी १९८४ मध्ये हा संघ सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतला. अलीकडच्या अंदाजांनुसार त्याची किंमत १५० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक भरते. म्हणजे चाळीस वर्षांत चौतीसपट. चक्रवाढीने हिशेब केला तर दरसाल सुमारे नऊ टक्के वाढ, आणि तीही वार्षिक नफा-तोटा बाजूला ठेवून. मालक वर्षाकाठी तोटा होत असल्याचे सांगतात तेव्हा ते खोटेच बोलतात असे मानण्याचे कारण नाही. या कुटुंबाच्या संघावर चाळीस कोटी डॉलरहून अधिक कर्ज असल्याचे वृत्त २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेच होते. पण शेतातले पीक बुडाले तरी जमिनीचा भाव चढत राहावा, तसा हा व्यवहार आहे. पिकाच्या नुकसानीचे गाऱ्हाणे जाहीरपणे मांडले जाते. जमिनीचा भाव मात्र विक्रीच्या दिवसापर्यंत कोणी सांगत नाही.

जमिनीचा भाव चढतो तो ती वाढवता येत नाही म्हणून. बेसबॉलच्या प्रमुख संघटनेतील संघांची संख्या १९९८ पासून तीसच आहे. एकतिसावा संघ काढायचा तर या तीस मालकांची संमती हवी, आणि एखादा संघ नव्या हाती जायचा तरी त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांश मते हवीत. कोणत्याही अन्य धंद्यात अशी एकजूट मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडली असती. बेसबॉल मात्र सुटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने भरवणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब तो कायदा यास लागू नाही. १९५३ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये, या निर्णयातील विसंगती ध्यानात येऊनही, न्यायालयाने तो उलटवला नाही. दुरुस्ती करायची तर संसदेने करावी, असे म्हणून हात झटकले. संसदेने १९९८ मध्ये खेळाडूंच्या सेवाशर्तींपुरती सूट काढून घेतली. मालकांच्या परस्परव्यवहाराला ती बव्हंशी तशीच राहिली.

आता या मालमत्तेत नेमके असते तरी काय? मैदान सार्वजनिक, खेळाडू करारावरचे, पोशाख आणि चेंडू यांची किंमत ती किती! दीडशे कोटी डॉलर मोजून ग्राहक विकत घेतो ती मुख्यतः एका टापूतल्या लोकांची निष्ठा. साबण महागला तर गृहिणी दुसरा साबण आणते. संघ हरू लागला म्हणून मिनेसोटातला माणूस शिकागोचा पाठीराखा होत नाही. तो घरी बसून चरफडतो, आणि संघ पुन्हा जिंकू लागताच परत येतो. मागणीची ही अलवचिकता हेच संघाचे खरे भांडवल होय. ते बापाकडून मुलाकडे, आजीकडून नातीकडे आलेले असते, आणि ते निर्माण करणाऱ्यांचा विक्रीच्या किमतीत कवडीचा वाटा नसतो. स्वतःचीच निष्ठा कोण विकत घेणार याविषयी तर्क करीत बसणे, एवढेच त्यांच्या हाती उरते.

मिनेसोटाच्या लोकांना हा अनुभव नवा नव्हता. मुळात हा संघच १९६१ मध्ये मालक कॅल्विन ग्रिफिथ यांनी वॉशिंग्टनहून उचलून आणलेला. एका शहराचे घर मोडून दुसऱ्याचे वसले. त्याच ग्रिफिथांनी १९८४ मध्ये प्रेक्षकसंख्या ठरावीक आकड्याखाली गेल्यास करार मोडण्याची तरतूद वापरून संघ फ्लोरिडाकडे जाऊ देऊ नये, म्हणून मिनिआपोलिसच्या व्यापाऱ्यांनी हजारो तिकिटे घाऊक विकत घेतली आणि आकडा राखला. मग पोहलाड आले. त्यांचे तारणहार म्हणून स्वागत झाले, आणि १९८७ व १९९१ अशी दोन अजिंक्यपदे मिळाल्यावर ते स्वागत सार्थ वाटले. पण १९९७ मध्ये याच तारणहाराने संघ नॉर्थ कॅरोलायनातील एका उद्योजकास विकण्याचा करार पुढे केला. तिकडच्या मतदारांनी १९९८ मध्ये क्रीडागारासाठी कर नाकारला म्हणून तो बारगळला. नोव्हेंबर २००१ मध्ये तर मालकांच्या सभेने २८ विरुद्ध २ मतांनी दोन संघ बंदच करून टाकण्याचे ठरवले, आणि त्यांत या संघाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्याच्या मालकाला मोबदला घेऊन संघ मिटवण्यात वावगे दिसत नव्हते. संघ वाचला तो एका स्थानिक न्यायाधीशाच्या मनाई हुकुमामुळे: क्रीडागाराचा भाडेकरार आहे, तेव्हा २००२ चा हंगाम येथेच खेळावा लागेल, असे त्या हुकुमात होते. मिटवायला निघालेला तो संघ त्या वर्षी आपल्या गटात पहिला आला.

मालकाच्या औदार्याने नव्हे, तर भाडेकराराच्या कलमाने संघ राखला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी होती. ती काही अंशी ठेवलीही गेली. २००६ मध्ये विधिमंडळाने नव्या क्रीडागाराचा कायदा संमत केला. हेनेपिन काउंटीत शंभर डॉलरच्या खरेदीमागे पंधरा सेंट जादा विक्रीकर बसवून सुमारे ३५ कोटी डॉलर उभे करायचे, आणि त्यासाठी मतदारांचा कौल घेण्याची नेहमीची अट वगळायची, असा तो सौदा होता. पोहलाडांचा मूळ वाटा १३ कोटी डॉलरचा. पुढे तो वाढला. 'टार्गेट फील्ड' २०१० मध्ये उघडले आणि पहिल्याच वर्षी ३२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. बदल्यात तीस वर्षांचा करार झाला. त्याशिवाय कायद्यात आणखी दोन तरतुदी होत्या, आणि विक्रीच्या चर्चेत सर्वाधिक बोलले जायला हवे होते ते त्यांच्याविषयी.

पहिली तरतूद अशी की, संघ विकला गेल्यास एकूण किमतीच्या १८ टक्के रक्कम सार्वजनिक प्राधिकरणाला मिळावी. कागदावर हे न्याय्य दिसते: जनतेने मैदान बांधून दिले, त्यामुळे संघाचे मोल वाढले, तर वाढीत जनतेचा हिस्सा असावा. मात्र हा हिस्सा दरसाल १.८ टक्क्यांनी घटत जाऊन दहा वर्षांत शून्यावर येणार होता. बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले. म्हणजे २०१७ नंतर जनतेचा वाटा संपला. ही तरतूद मालकाच्या लाभावर नव्हे, केवळ त्याच्या उतावळेपणावर कर बसवते. बँकव्यवसायात मुरलेल्या घराण्याला दहा वर्षे थांबणे जड जाण्याचे काहीच कारण नव्हते. हिस्सा न घटता कायम राहिला असता, तर १५० कोटींच्या विक्रीत २७ कोटी डॉलर लोकांच्या तिजोरीत परतले असते. करदात्यांनी घातलेल्या ३५ कोटींचा विचार करता ही रक्कम क्षुल्लक खचित नव्हे.

दुसरी तरतूद याहून विलक्षण. संघ विकण्यापूर्वी तो त्याच किमतीस आणि त्याच अटींवर घेण्याचा पहिला हक्क एका लोकमालकीच्या कंपनीला द्यावा, असे कायदा सांगतो. या कंपनीचे स्वरूपही आखून ठेवले आहे: एका व्यवस्थापकीय मालकाकडे मर्यादित हिस्सा, बाकीचे भाग सर्वसामान्य नागरिकांना. राज्यपालांनी तिच्या उभारणीस साहाय्य करावे असेही म्हटले आहे. म्हणजे ज्या लोकांनी दहा महिने परक्या कोट्यधीशांच्या संपत्तीचे आकडे तोंडपाठ केले, त्यांच्यासाठी त्यांच्याच राज्याच्या कायद्यात एक दार होते. त्यामागे निधी नव्हता, यंत्रणा नव्हती, आणि बेसबॉल संघटनेची संमती मिळण्याची आशाही क्षीण होती, हे खरे. तरीही दार उघडून पाहण्याऐवजी नवा धनी कसा असेल याच्याच चिंतनात सारा वेळ जावा, ही गोष्ट खटकते. राजा वाईट निघाला की पुढचा राजा चांगला निघावा म्हणून नवस बोलणाऱ्या प्रजेची ही वृत्ती आहे.

अटकळींचे पीक मात्र भरघोस आले. खासगी गुंतवणुकीच्या धंद्यातील जस्टिन इश्बिया यांचे नाव प्रथम आघाडीवर होते; त्यांचे बंधू फीनिक्सच्या बास्केटबॉल संघाचे मालक. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते शिकागो व्हाइट सॉक्समधील आपला हिस्सा वाढवण्याकडे वळले आणि मिनेसोटातील बेत मागे पडला. जूनमध्ये शिकागोचा जो करार जाहीर झाला त्यानुसार विद्यमान मालक २०२९ ते २०३३ या काळात हवे तर त्यांना सूत्रे विकू शकतील, आणि २०३४ नंतर ती विकत घेण्याचा अधिकार इश्बियांना मिळेल. धान्याचा वायदा सहा महिन्यांचा असतो. येथे लोकांच्या निष्ठेचा वायदा नऊ वर्षांचा झाला.

मग जुलैची अखेर आली. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ३१ जुलैला संपते. तोवर मिनेसोटाने आपल्या मुख्य चमूतील दहा खेळाडू इतर संघांना देऊन टाकले. २० कोटी डॉलरच्या करारावरचा कार्लोस कोरिया ह्यूस्टनला परत गेला आणि त्याच्यासोबत त्याच्या वेतनापोटी काही कोटी डॉलरही गेले. अखेरच्या षटकांचा हुकमी गोलंदाज होआन दुरान फिलाडेल्फियाला गेला. (बेसबॉलमध्ये षटक नसते, डाव असतो, पण आपल्या वाचकाला कामगिरी कळावी.) यावर लोकांनी काढलेला निष्कर्ष तर्कशुद्ध होता: घर विकण्यापूर्वी माणूस जुने सामान काढतो आणि देणी फेडतो, तसे हे चालले आहे, नव्या मालकाच्या हाती कोरी वही द्यायची आहे, विक्री आता दारात आली. दुःखातही यामुळे एक दिलासा होता.

१३ ऑगस्ट २०२५ रोजी संघाचे कार्यकारी अध्यक्ष जो पोहलाड यांनी जाहीर केले की, कुटुंब संघ विकणार नाही. अल्पांश भागीदार घेऊन मालकी स्वतःकडेच ठेवणार. तर्क बरोबर होता, गृहीतक चुकले होते. वही कोरी करायची होती, पण ती जुन्याच धन्यासाठी. पुढच्या घरच्या सामन्यांत 'संघ विका' अशा घोषणा झाल्या. त्या हंगामाची एकूण प्रेक्षकसंख्या अठरा लाखांच्याही आत राहिली. नव्या मैदानाच्या पहिल्या वर्षाच्या मानाने निम्म्याहून थोडीशीच अधिक.

येथे मालकांच्या बाजूचा एक आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. संघ ही खासगी मालमत्ता आहे, ती विकणे न विकणे मालकाच्या मर्जीचा प्रश्न, आणि प्रेक्षकाला नको असेल तर त्याने तिकीट घेऊ नये, असे म्हटले जाते. तिकिटापुरते हे ठीक. पण विक्रीकर न भरण्याची मुभा हेनेपिन काउंटीतील कोणालाही नाही. शिवाय बहिष्काराचे शस्त्र कितपत चालते, हे ओकलंडने पाहिले. तेथील अॅथलेटिक्स संघाचे मालक जॉन फिशर संघ लास व्हेगसला नेणार हे स्पष्ट झाल्यावर १३ जून २०२३ रोजी शौकिनांनी उलटा बहिष्कार पुकारला: मैदान रिकामे न ठेवता भरून दाखवायचे. २७,७५९ लोक आले, 'विका' हा एकच शब्द छापलेले सदरे घालून. प्रेक्षक येत नाहीत ही सबब त्यांनी खोटी पाडली. काही महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, तीसही मालकांनी स्थलांतराला एकमुखाने संमती दिली. तसेच नेवाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा कबूल केला होता. २०२५ पासून तो संघ तात्पुरता सॅक्रामेंटोच्या एका लहान मैदानावर खेळू लागला. या मैदानाशी निगडित असलेले विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले गृहस्थ. २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचा बास्केटबॉल संघ सिअॅटलला जाऊ नये म्हणून तो विकत घेणाऱ्या गटाचे ते नेते होते. ज्याने एका शहराचा संघ वाचवला, त्याच्याच अंगणात दुसऱ्या शहराचा हिरावलेला संघ उतरला. धनी चांगला की वाईट, हे बऱ्याचदा पाहणारा कोणत्या शहरात उभा आहे त्यावर ठरते.

आणि नवा धनी खर्चिक निघाला, तरी पुढे काय? न्यूयॉर्क मेट्स संघ स्टीव्ह कोहेन यांनी २०२० मध्ये सुमारे २४० कोटी डॉलरना घेतला आणि २०२३ मध्ये वेतनखर्चाचा उच्चांक केला. त्या वर्षी संघ अंतिम टप्प्यातही पोचला नाही. लोकमालकी हा सर्व रोगांवरचा उतारा आहे असेही नाही. मिनेसोटाच्या शेजारी विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे येथे अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या भागांवर चालतो. पाच लाखांहून अधिक भागधारक, लाभांश शून्य. एवढे लहान गाव आपला संघ शंभर वर्षे राखून आहे ते यामुळेच. पण त्या खेळाच्या संघटनेने पुढे दुसऱ्या कोणास असे करू दिलेले नाही. बेसबॉलमध्ये तर जोन क्रॉक या मालकिणीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन दिएगोचा संघ शहराला दान करू पाहिला, चालवण्यासाठी वर पैसाही देऊ केला. इतर मालकांनी तो बेत मोडून काढला. फुकट मिळणारा संघसुद्धा लोकांच्या हाती जाऊ नये, याचा अर्थ उघड आहे. एका संघाचे हिशेब नगरपालिकेच्या दप्तरात गेले, की उरलेल्यांच्या तोट्याच्या कहाण्या तपासता येतील.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी परके नाही. आयपीएलने अमेरिकन खेळांतील संघमालकीची ही पद्धत उचलल्यानंतर पुण्याच्या नावाचा संघ २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना विकला गेला आणि २०१३ मध्ये संपला. २०१६ व २०१७ अशी दोन वर्षे दुसरा आला आणि गेला. पुणेकरांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. तेथे निष्ठा रुजायला तरी अवधी मिळाला नव्हता. मिनेसोटात ती साठ वर्षांची आहे.

म्हणून मागणी करायची ती चांगल्या मालकाची नव्हे, चांगल्या कलमांची. तीस वर्षांचा करार या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस संपेल, आणि त्याच्या बऱ्याच आधी मैदानाच्या नूतनीकरणासाठी पैसा हवा म्हणून मालक, तेव्हा जे कोणी असतील ते, काउंटीच्या दारी येतील. विक्रीच्या किमतीत न आटणारा सार्वजनिक हिस्सा, पहिल्या हक्कामागे प्रत्यक्ष निधी, आणि सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संघाचे हिशेब दरवर्षी खुले, या तीन गोष्टी त्या वेळी मागता येतील. संघ पळवून नेण्याची धमकी मिळेल हे नक्की. पण २००१ मध्ये न्यायालयात टिकला होता तो कराराचा कागदच.

दरम्यान डिसेंबर २०२५ मध्ये भागीदारांची नावे जाहीर झाली. तीन गुंतवणूकदार मिळून वीस टक्क्यांहून अधिक हिस्सा घेत असून त्यांतील एक जण त्याच राज्यातील आइस हॉकी संघाचे मालक क्रेग लिपोल्ड आहेत. संघाची किंमत १७५ कोटी डॉलरच्या आसपास धरली गेली. जो पोहलाड यांच्या जागी त्यांचे थोरले बंधू टॉम आले. संघ विकलाच गेला नाही, तेव्हा पहिल्या हक्काचा प्रश्न उद्भवत नाही, असा अर्थ सहज काढता येतो. लोकांनी लागलीच नवा तर्क सुरू केला: हे भागीदार हळूहळू हिस्सा वाढवून एक दिवस संपूर्ण संघ घेतील काय?